दिवसा सांगितलेली गोष्ट

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आमच्याकडे म्हणतात. भर कामात पोरांनी गोष्टीसाठी पदर धरू नये म्हणून कुणा शहाण्या बाईनं काढलेली ही युक्ती असणार. पण माझ्या मुलीला तिचा धाक कसला? तिचा मामा पाच वर्षं आमच्या घरी आलाच नव्हता. तिनं त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं. त्याला मीच तोडलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा दहाव्याला सगळ्या भावकीसमोर मी दादाला म्हणाले, "तू वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस तर अण्णा आज असते." दादा खाली मान घालून पत्रावळ्या उचलत राहिला. तो खुलताबादच्या पलीकडं आमच्या गावी राहिला आणि मी शहरात, पुंडलिकनगरात परतले. माझी जीभ मूळचीच तिखट. त्या दिवशी तर मला तिचा अभिमानच वाटला होता.

गेल्या फाल्गुनात मुलीला ताप आला म्हणून औरंगपुऱ्यातल्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून मी घरी आले. पडदा ओढून तिच्याशेजारी आडवी झाले. उन्हानं पडदा पिवळा झाला होता आणि खोलीतलं सगळंच, भिंत, गोधडी, तिचा हात, त्या पिवळ्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. भंगारवाल्याची हाक लांबून यायची आणि मध्येच विरायची. तिच्या तापलेल्या अंगाशी मलाही गुंगी आली. आपण नक्की कुठल्या घरात आहोत हे कळेना. दिवस कलताना अण्णा बांधावर टेकून गोष्ट सांगताहेत, दादा आणि मी शेंगा फोडत ऐकतोय, असं वाटत राहिलं. अण्णांच्या गोष्टीतला राक्षससुद्धा खरं बोलला की सुटायचा.

त्याच तंद्रीत मी मुलीला विचारलं, "गोष्ट सांगू?"

"नको. दिवसा सांगितली की मामा वाट चुकतो," ती डोळे मिटूनच म्हणाली. मग जरा वेळानं तिनं विचारलं, "आई, तू कुणाला सांगितली होतीस दिवसा?"

मी हसायला गेले, पण हसू आलं नाही. कारण मी खरंच सांगितली होती. शेजारणीबरोबर पापड वाळत घालताना, ऑफिसात डबा खाताना, भावानं बापाच्या दुखण्याकडे कसं दुर्लक्ष केलं ही गोष्ट मी पाच वर्षं भरदिवसा सांगत होते. बायका चुकचुकायच्या. एखादी स्वतःच्या भावाचं काही जोडायची. आटवलेल्या दुधासारखी गोष्ट दाट होत गेली, आणि तिच्यातून मी एक फोन गाळला होता.

जाण्याच्या आठवडाभर आधी अण्णांनी मला फोन केला होता. "तुझ्या दादानं दवाखान्याचं लई टुमणं लावलंय. कापसाची वेचणी उरकली की जाऊ. तू सांग त्याला, तुझं ऐकतो तो." मी घाईत होते. लगेच दादाला फोन लावून म्हणाले, "अण्णा म्हणतात तर थांब की आठ दिवस." शहरातली शिकलेली बहीण सांगतेय म्हणून तो थांबला.

मुलीला झोप लागल्यावर मी बाल्कनीत जाऊन त्याला फोन केला.

"बोल बाई," तो म्हणाला. कालच बोलणं झाल्यासारखा.

"दादा, आठ दिवस थांब असं मीच म्हणाले होते."

"व्हय. ठाव हाय मला."

"मग दहाव्याला बोलला का नाहीस? चारचौघांत सांगायचंस."

फोनात वाऱ्याचा आवाज येत होता. शेतात असावा.

"तुला कुणावर तरी राग काढायचा होता," तो म्हणाला. "म्हणलं, माझ्यावर काढ."

मी तिथंच खाली बसून रडले. इतकी वर्षं मी स्वतःला न्यायी समजत होते.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी ऑफिसातल्या बायकांना ती गोष्ट पुन्हा सांगितली, फोनासकट. फार लाज वाटली. तरी मधे थांबले नाही.