कानात सांगितलेलं नाव

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकमधल्या एका दवाखान्यात काचेसमोर उभी होते. काचेपलीकडे माझ्या धाकट्या भावाची मुलगी पेटीत झोपली होती, दिवस भरायच्या आधीच आलेली. तिला अजून नाव नव्हतं. पायाच्या पट्टीवर नुसतं 'बेबी' आणि पुढे वहिनीचं नाव. फोनवर आतेभाऊ म्हणाला, "मनीषाताई, आई गेली... झोपेतच." मी "बरं" म्हणाले. असं कोणी म्हणतं का? पण म्हणाले खरी, आणि पुन्हा काचेतून बघत राहिले. त्या निळसर उजेडात मला बराच वेळ दोघी एकाच ठिकाणी झोपल्यासारख्या वाटत होत्या.

आत्याचं सासर ओझरचं. आतोबा विमानाच्या कारखान्यात होते, त्यामुळे तिचा सगळा संसार वसाहतीत झाला. तिथली माणसं कुठून कुठून आलेली. घरात मूल झालं की बारशाला नाव ठेवणार कोण, हा प्रश्न, कारण खरी आत्या दूर कुठेतरी. मग ते लोक आमची आत्या उसनी नेत. ती नऊवारी नेसून जायची, बाळाच्या कानात कुर्र करायची, नाव सांगायची आणि हसत पाठीत धपाटे खाऊन यायची. अशी किती मुलं झाली ते तिलाही आठवत नव्हतं. तिची अट मात्र एकच. "ज्याचा अर्थ आईबापाला ठाऊक नाय, ते नाव मी सांगायची नाय." एका तरुण बापाने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "यात आहे ना अर्थ, काकू." आत्या म्हणाली, "मंग त्यालाच धर पोराच्या कानाशी."

आडनावांचाही तिला भारी नाद. शेजारच्या वाघांना ती विचारायची, तुमच्या खापरपणजोबानं वाघ मारला होता, का वाघ बघून पळाला होता? ऐरणीला कधी हात न लावलेले लोहार, पाटीलकीचा वाडाही न पाहिलेले पाटील, सगळ्यांची ती अशी फिरकी घ्यायची. आडनाव माणसाच्या आधीच घरात येऊन बसलेलं असतं, नाव तेवढं मागून येतं, म्हणून ते नीट बघून घ्यावं, असं तिचं म्हणणं. तिचं स्वतःचं नाव सुनंदा. मला ते तिला फार शोभून दिसायचं, आणि ते तिचं जन्माचंच नाव असणार याबद्दल मला कधी शंकाही आली नाही.

ती जायच्या साधारण दोन आठवडे आधी मी ओझरला गेले होते. भाची नुकतीच जन्मली होती, वजन जेमतेम, आणि डॉक्टर स्पष्ट काही बोलत नव्हते. घरात कोणापुढे रडायची सोय नव्हती, म्हणून आत्याकडे गेले. दुपार होती. पडद्यातून आलेलं ऊन तिच्या पांघरुणावर पडलं होतं. ती मधेच जागी, मधेच गुंगीत. वरून विमान गेलं की वसाहतीतली माणसं बोलता बोलता थांबतात, आवाज विरला की वाक्य तिथूनच पुढे उचलतात. आत्याची ही सवय शेवटपर्यंत सुटली नव्हती.

"मला ल्हानपणी काय म्हणायचे, ठाऊक हाय का?" तिने एकदम विचारलं. "धोंडी."

तिच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली होती. म्हणून माझ्या पणजीने हिचं नाव धोंडाबाई ठेवलं. फूल कोणीही खुडून नेईल, धोंडा कोण उचलतंय? आमची मखमलाबादची फुलशेती. ही पोरगी झेंडूची पाटी घेऊन गणेशवाडीच्या फुलबाजारात जायची तेव्हा लोक म्हणायचे, फुलं विकायला धोंडा आला. लग्नात आतोबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'सुनंदा' लिहिलं. "मी त्या ताटाकडं बघतच राह्यले. म्हणलं, सुटले बाई."

मग विमान गेलं... ती थांबली. मीही थांबले.

"तुझ्या आईचीबी तुझ्याआधी दोन गेली होती. तू एवढीशी. तुझ्या बारशाला मी आधी कानात धोंडी सांगितलं. मंग मनीषा."

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना म्हणते, पुरावा मागा. मला हसू आलं आणि थोडा रागही आला. "अगं आत्या, म्हणजे मी दगड?"

"दगड म्हणून नाय गं. धोंडी म्हंजे मी. वरून त्या नावानं हाक आलीच असती, तर दोघी होतो ना. मी आधी उठले असते."

जिच्या नावाला लोक हसले, जे नाव टाकून ती सुटली होती, ते तिने माझ्यासाठी पुन्हा उचललं होतं. जाताना मी पांघरूण नीट केलं तर डोळे न उघडताच म्हणाली, "त्या पोरीला नको सांगू ते. लय वंगाळ नाव. माझ्यासंगं जाऊ दे." मी "हो" म्हणाले.

दशक्रियेला गोदाकाठी गुरुजींनी नाव विचारलं, आतेभावाने सुनंदा सांगितलं. धोंडी हे नाव मी मनातच ठेवलं. पण त्या काचेसमोर मी काय विचार केला होता ते लपवण्यात अर्थ नाही. फोन आला त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं की हाक या पोरीला आली, आणि आत्या आधी उठली. हा वेडेपणा आहे हे मला कळतं. तरी त्या दिवसापासून भाचीचं वजन वाढू लागलं, आणि मी त्याचा पुरावा कोणाकडे मागितला नाही.

अजूनही दुपारी डोळा लागता लागता मला वरून विमान गेल्यासारखं वाटतं. आवाज विरतो आणि मी तिच्या वाक्याची वाट बघत पडून राहते...

गेल्या रविवारी बारसं झालं. भावाने आणि वहिनीने नीरजा नाव ठरवलं होतं. अर्थ विचारला तर वहिनी लगेच म्हणाली, "पाण्यात जन्मलेली. कमळ." पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. आई बाजूला उभी होती, बायका माझ्या पाठीमागे हात सरसावून तयार. मी वाकले. दुधाचा वास आला. कान इतका लहान की माझे ओठ त्याहून मोठे. धोंडी म्हणायचं नाही, शब्द दिला होता.

मी तिच्या कानात आधी हळूच "मनीषा" म्हटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं "नीरजा" म्हटलं. पाठीत धपाटे पडले, त्यातला एक जरा जोरातच बसला, आणि मला रडायला निमित्त मिळालं.