पाच म्हणजे छाप, सहा म्हणजे बंद

वारंगा फाट्यावरच्या खताच्या दुकानात शेटजींनी स्क्रीनवरचं ‘प्रिंट’ दाबलं आणि मशीनच बंद पडली. चालू केली, पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. साखऱ्याहून माझे वडील मुद्दाम आले होते, मी बनवलेली मशीन बघायला.

“ऑपरेटिंग सिस्टिम कोणाची?” आमच्या कंपनीच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं.

“माझी,” मी म्हणालो.

“काहून बंद पडून राहिली रे?” वडिलांनी हळूच विचारलं. माझ्याच ऑफिसातला सुनील शेजारी इस्त्रीच्या शर्टात हसत उभा होता.

आमची कंपनी पुण्याची. बाजारभाव दाखवणारी आणि त्याची चिठ्ठी छापून देणारी मशीन बनवायची. ब्राउझर, म्हणजे लोकांना दिसणारा स्क्रीन, सुनीलचा. त्याखाली प्रिंटर-बिंटर हलवणारी ऑपरेटिंग सिस्टिम माझी. दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं ते एका सामाईक फाईलमध्ये ठरलेलं असतं, तिला इंटरफेस म्हणतात. त्यात प्रत्येक कामाला नंबर. पाच म्हणजे छाप, सहा म्हणजे बंद हो. फाईल सांभाळायची मी आणि कौतुक व्हायचं स्क्रीनचं. सुनीलने बटणाचा रंग बदलला तरी सर “वा!” म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अजूनही आठवलं की होतो.

मी लॅपटॉपवर फाईल उघडली. सुनीलने ‘अक्षरं मोठी कर’ असं नवीन काम घातलं होतं. तेही मधे, चौथ्यानंतर.

“मधे काहून घातलं?” मी विचारलं. राग आला की माझी भाषा गावाकडे वळते.

“तिथे नीट दिसत होतं. ऑफिसात तर चाललं!”

चालणारच. ऑफिसात दोन्ही भाग नवे होते. इथे ब्राउझर फोनच्या लाइनवरून नवा झाला होता. ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र सीडी घेऊन माणूस जावा लागायचा, म्हणून ती जुनीच होती. एक ओळ मधे घुसली आणि खालचे सगळे नंबर एकेक घर सरकले. नवा ब्राउझर सहा म्हणाला, म्हणजे छाप. जुन्या सिस्टिमने ऐकलं, बंद हो. बिचारी निमूट बंद झाली. पंगतीत उशिरा आलेल्याने शेवटी बसावं, मधे घुसू नये, हे आमच्याकडे लेकरांनाही कळतं.

मी ती ओळ शेवटी टाकली, ब्राउझर पुन्हा बनवून चढवला. शेटजींनी बटण दाबलं, चिठ्ठी निघाली. अक्षरं काही मोठी होईनात, कारण जुन्या सिस्टिमला ते काम ठाऊकच नव्हतं.

“ते पुढच्या व्हर्जनमध्ये,” सुनील झोकात म्हणाला. शेटजींनी त्याचाच हात हातात घेतला. माझ्या मनात आलं, दाबावं का आता सहा?

बाहेर चहा घेताना वडिलांनी विचारलं, “यात तुहं काम कोणतं?”

“दोघांमधलं बोलणं बराबर ठेवायचं.”

“म्हंजी सोयरिकीतला मधला माणूस. लग्नात त्याला कोणी ईचारत न्हाई. भांडण झालं की त्यालाच हाक.” बशी खाली ठेवून ते उठले आणि सुनीलची पाठ थोपटून आले. “लई हुशार पोरगं हाय,” मला म्हणाले.

त्या फाईलच्या पहिल्या ओळीत मी नियम लिहिला: नवीन काम नेहमी शेवटी, जुना नंबर कधी हलवायचा नाही. नियमाला टीम लीडची मंजुरी लागायची. ती सुनीलने दिली. त्याच महिन्यात तो टीम लीड झाला होता.