लाल पंजाचं कार्ड

“सर, काय शिकवलंत तुम्ही माझ्या पोरीला?”

शाळेच्या गेटवर आई ओरडत होती. आवाज असा, की तिकडे चेण्याच्या जंगलातला बिबट्या दचकून कुशीवर वळला असेल. शेजारी मुलगी शांत उभी. बारा वर्षांची, न बोलणारी. मी शाळेचा विशेष शिक्षक, ती माझी एकुलती विद्यार्थिनी. आईच्या मुठीत मी बनवलेलं कार्ड होतं. त्यावर लाल पंजा, म्हणजे ‘नको’.

“काल दहीभात पुढे ठेवला, तर हिनं हे माझ्या हातात दिलं! लहानपणापासून रोज खातेय ती. जीव आहे तिचा त्याच्यावर!”

या कार्डासाठी मी वर्षभर फुगे फुगवले होते. तिला फुगा अजिबात खपत नाही. फुगा जवळ न्यायचा, तिचा हात धरून कार्ड माझ्या तळव्यावर ठेवायला लावायचं, की फुगा गायब. आधी मनगट धरायचो, मग कोपराला नुसतं बोट, मग तेही सोडलं. इतकी हवा फुंकली की तेवढ्यावर तारोडी बंदरातल्या शिडाच्या होड्या थेट कराचीला लागल्या असत्या. पण माझ्या वर्गाबाहेर ते कार्ड तिनं कधीच काढलं नव्हतं. पुढ्यात येईल ते निमूट खायची, सोसायची. दिवाळीपासून माझं मनाशी ठरलेलं: एवढंही जमत नसेल तर हे काम आपलं नाही, मार्चमध्ये राजीनामा.

“ताई,” मी म्हणालो, “तिला दहीभात आवडतच नसेल.”

आईनं मुठीतल्या कार्डाकडे पाहिलं. “मग इतकी वर्षं...” एवढंच म्हणाली. पोरीचे केस मागे सारले, कार्ड तिच्या गळ्यातल्या दोरीला परत अडकवलं. “आज घरी नेते हिला. बघते, काय खाते ती.”

दोघी गेल्या. मी जिन्याखालच्या माझ्या वर्गात आलो. वर्ग एवढासा, की आरसा लावला तर गर्दी होईल. राजीनामा रद्द! ढोल वाजायला हवे होते. समोर फक्त पंखा होता, त्याला सगळं सविस्तर सांगितलं. त्यानं मान हलवली, पण तो सगळ्यांनाच हलवतो. म्हणून स्टाफरूम गाठली.

“तिनं घरी नको म्हटलं!” मी दारातूनच गर्जलो.

“बोलायला लागली?” पेपर तपासणाऱ्या बाईंनी विचारलं.

“नाही. कार्ड दिलं. दहीभात नको म्हणून.”

“अच्छा.” त्यांचं पेन पुन्हा चालू झालं. “तुमचं मस्त आहे हां सर, पेपरची कटकट नाही.”

बाकी कुणी मान वर केली नाही. चहा ओतून घेतला, तो निवला, तरी कुणी पुढचं विचारेना. मग सुपरवायझर मॅडम आल्या.

“सर, तुमची विद्यार्थिनी आज लवकर गेली ना? मग फ्रीच आहात. सातवी ब-चे सर आले नाहीत, तिथे प्रॉक्सी घ्या.”

तसंच एक जादा कार्ड माझ्या खिशात होतं. मी ते मॅडमच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “छान बनवलंय,” म्हणाल्या. “सातवी ब, दुसरा मजला.”