खिएम काकांची सोळा जीबी

व्हिएतनाममधल्या सादेकच्या बाजारात माझं उसाच्या रसाचं दुकान, आणि शेजारी खिएम काकांचं फोटोचं. गेलेल्या माणसांचे फोटो घरात पूजेला ठेवतात ना, ते काका बनवायचे. जुन्या फोटोतला चेहरा उचलायचा, कॉम्प्युटरवर त्याला कोट चढवायचा, चौकटीत बसवायचा.

एका फोटोला तीन-तीन दिवस! विचारलं की म्हणायचे, "मेमरी कमी आहे गं. एक रेघ ओढली की मशीन विचार करत बसतं."

"मालकावर गेलंय," मी म्हणायचे.

शेवटी त्यांची मुलगी यिएम वैतागली. "बाबा, परवा शेजारच्या लामचं वर्षश्राद्ध. त्याचा फोटो वेळेत नाही झाला, तर ही खुर्ची नव्या मुलीला. तुम्ही घरी बसून कोंबड्या राखा."

काकांचं तोंड एवढंसं झालं. काकू गेल्यापासून त्या खुर्चीतच त्यांचा सगळा संसार.

मीच डिवचलं. "मग घाला ना मेमरी! की बहाणा संपेल म्हणून भीती वाटते?"

घातली. चारची सोळा जीबी केली. आणि खोटं कशाला बोलू, मशीन पाण्यासारखं पळायला लागलं. "बघितलंस? म्हातारं ते होतं, मी नाही!" काका मिशीत हसले. पूर्वी मशीन अडकलं की तेवढ्या वेळात ते भिंग घेऊन चेहरा न्याहाळायचे. आता थांबायचं कशाला? लाम आणि त्याच्या भावाच्या जुन्या फोटोतून चेहरा उचलला, तासाभरात फोटो तयार, कापडात गुंडाळून रवाना.

श्राद्धाला लामची बायको चुलीपाशी, म्हणून फोटो मीच मांडला. दोघे भाऊ दिसायला सारखेच हो, मला काय कळणार! मोठा भाऊ थोय उदबत्ती घेऊन वाकला आणि तसाच राहिला. काळ्या कोटात, फुलांच्या मधोमध, तो स्वतः.

"मी कधी मेलो गं?"

हसू आधी मलाच फुटलं, ते थांबेचना.

थोय चौकट काखेत मारून तडक दुकानात. मी मागोमाग. "काका, हा कोण?"

काकांनी फोटो नाकाशी नेला, उजेडाकडे फिरवला. "लामच की. फार गुणी होता बिचारा."

"आणि मी कोण?"

हातभर अंतरावर उभ्या माणसाकडे काका डोळे बारीक करून बघत राहिले. "आवाज ओळखीचा वाटतो," म्हणाले.

आता मला हसू आलं नाही.

"बाबा, उठा," यिएम म्हणाली.

काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. यिएमनं एकेक बोट सोडवलं.