भाद्रपदातली पाहणी

"आधी पाय धुऊ या, मग तुमचं डेटा सेंटर," असं म्हणत साहेब गाडीतून उतरायचे आणि आमच्या फाटकाकडे पाठ करून खाली झऱ्याकडे चालू लागायचे. जांभ्याच्या पायरीवर बसायचं, बूट काढायचे, मोज्यांची घडी करून ते बुटात खुपसायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि पाय पाण्यात सोडून डोळे मिटायचे. "अमृत आहे हो, अमृत!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही कुणी पाण्याचं कौतुक केलं तर माझ्या कपाळावर आठी चढते.

मी त्यांना अहो-जाहो करतोय ते फक्त वयाकडे बघून. मला त्यांच्याविषयी आदर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे मी मवाळ झालोच, तर तुम्ही मला आवरा.

मी पालीचा. आमचं डेटा सेंटर रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर आहे. आतले संगणक अखंड चालतात, तापतात, आणि त्यांना गार ठेवायला पाणी लागतं. ती यंत्रणा माझ्याकडे. साहेब आमच्या कंपनीचे नव्हते. डेटा सेंटर चालवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतःसाठी एक आचारसंहिता केली आहे: वीज जपून वापरू, शेजारच्या गावाचं पाणी पळवणार नाही, वगैरे. सरकारी कायदा नव्हे, सगळा आपखुशीचा मामला. साहेब या संहितेचे कार्यवाह. वर्षातून एकदा येऊन ते पाहणी करायचे आणि आमच्या फाटकावरची 'जलस्नेही' अशी पितळी पाटी आणखी वर्षभर चमकत राहायची.

आता ही पाहणी कधी व्हायची? भाद्रपदात. साहेब मूळचे देवरूखकडच्या डोंगरातले, नोकरीने मुंबईकर झालेले. गणपतीला ते गावी यायचेच, तेव्हा वाटेत आम्हालाही उरकून घ्यायचे. भाद्रपदात सडा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. कातळ रानफुलांनी झाकलेला, पाऊल टाकाल तिथे पाणी, आणि झरा पायरीवरून उड्या मारत चाललेला. अशा दिवसांत कोकणात येऊन पाण्याची चौकशी करणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला भूक लागलीय का विचारण्यासारखं आहे.

झऱ्याला लागून वाडीतलं पहिलं घर सुनंदाकाकींचं. आमच्या बोअरवेल सड्यावर खोदण्याआधी हा झरा मे महिन्यात बारीक व्हायचा, पण आटायचा नाही. आता एप्रिल सरता सरता पायरी कोरडी पडते आणि काकी हंडा घेऊन घाटीची उभी पायवाट उतरतात, खालच्या वाडीच्या विहिरीवर. पावसाळ्यात आम्ही छपरावरचं पाणी साठवून वापरतो, बोअरवेल जवळपास बंदच असतात. उन्हाळ्यात सगळा भार त्यांच्यावर. पण संहिता मागते वर्षाची सरासरी. ओले महिने आणि कोरडे महिने एकत्र कालवले की उत्तर गोड येतं. त्यात खोटं काहीच नसतं आणि काकींच्या हंड्यात पाणीही नसतं.

मी साहेबांना झऱ्यावरच म्हटलं, "पाहणी मेमध्ये ठेवा. आणि उन्हाळ्याचा हिशोब वेगळा मागा. एवढा नियम बदला."

"बदलू या की!" पाण्यात पाय हलवत ते म्हणाले. "पण ऐच्छिक आहे हो. जोर केला की लोक सोडून जातात. सगळे गेले तर संहिता कुणासाठी चालवायची?"

"आहेत ते पाळत नसतील तर कुणासाठी चालवताय?"

"तुम्ही तरुण आहात," असं म्हणून ते हसले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण साहेब कधीच भांडत नसत. तुमचं म्हणणं ते पेढ्यासारखं हातात घेत आणि 'छान' म्हणून बाजूला ठेवून देत. असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल, बघा.

मे महिन्यात ते रत्नागिरीत यायचे नाहीत असं नव्हे. एका बागायतदार मित्राकडे आंबे न्यायला यायचे. पण तेव्हा ते खाजगी असायचे.

एकदा भाद्रपदात झऱ्यावर बसले असताना ते आपणहून बोलू लागले. "आमच्या गावात मेमध्ये विहीर खरवडायचे. मी अंगाने हलका, म्हणून मला दोराला बांधून तळाशी सोडायचे. मी करवंटीने हंडा भरायचा आणि वरून आई ओढायची. दोर धरून धरून तिचे हात सोलवटायचे." मग त्यांनी जवळची बाटली झऱ्याखाली धरली. "ही तिच्यासाठीच नेतो. आता दिसत नाही तिला. पण एक घोट घेतला की म्हणते, डोंगरातलं हाय."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल माया वाटली, हे कबूल. आणि लगेच पूर्वीपेक्षा जास्त राग आला. शहरात जन्मलेला कुणी असता तर मी सोडून दिलं असतं. या माणसाला मे महिना तळापासून ठाऊक होता.

पुढच्या मेमध्ये ते आंब्यांसाठी आल्याचं कळलं तेव्हा मी त्यांना बागेत जाऊन गाठलं. पाहणीचं नावही काढलं नाही. फक्त विचारलं, "आईंसाठी पाणी नाही न्यायचं?"

ते लगेच निघाले. वाटेत रिकामी बाटली मांडीवर धरून बसले होते. झऱ्यावर पोचलो. सवयीने ते पायरीवर बसले, बूट काढले, मोज्यांची घडी केली, पँट दुमडली आणि पाय खाली सोडले, ते तापलेल्या कातळावर. चटका बसला तसे वर घेतले. वर घेतलेल्या पायांचं काय करायचं, ते मात्र त्यांना कळेना.

तेवढ्यात सुनंदाकाकी भरलेला हंडा घेऊन घाटी चढून आल्या. त्यांनी हंडा उतरवला, त्यातून तांब्या भरला आणि सरळ साहेबांच्या पायांवर ओतला.

"अहो काकी, नको, नको!"

"का? पावन्याच्या पायावं पानी घालायलाच लागतं." मग त्यांची नजर बाटलीकडे गेली. "आनि ती कुनासाठी? आना हिकडं."

त्यांनी बाटलीही भरून दिली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. कातळावरचा ओला डाग आमच्या डोळ्यांदेखत वाळून गेला. 'अमृत' हा शब्द त्या दिवशी काही निघाला नाही. मला वाटलं, जिंकलो.

संहितेची बैठक मुंबईत झाली. मी कंपनीतर्फे हजर होतो. 'अंमलबजावणीतील सुधारणा' हा विषय आला आणि साहेबांनी स्वतः ठराव मांडला. माझी छाती भरून आली. त्यांनी वाचलं: पाहणी यापुढे वर्षातील कोणत्याही महिन्यात, उन्हाळ्यातही, करता येईल; महिना सदस्य कंपनीने निवडावा.

टाळ्या पडल्या. ठराव एकमताने संमत झाला. आमच्या मॅनेजरांनी जागच्या जागीच भाद्रपद निवडला.

जिन्यात मी त्यांना अडवलं. "साहेब, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. तुमच्या पायांवर पाणी घातलं त्या बाईने."

"ऐच्छिक आहे हो," ते म्हणाले. या वेळी हसले नाहीत. जिना उतरताना कठडा घट्ट धरून उतरले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणांत म्हणे या सुधारणेचं फार कौतुक झालं.

यंदा गणपतीच्या तोंडावर नवे कार्यवाह आले. तरुण, पुण्याकडचे. गाडीतून उतरताच म्हणाले, "आधी झऱ्यावर जायचं असतं ना? जुन्या साहेबांनी बजावून सांगितलंय."

झरा भरून वाहत होता. ते पायरीवर बसले आणि एक बूट काढला. सुनंदाकाकी पलीकडे भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली.

"धुवा, धुवा. आता पानी हाय," काकी म्हणाल्या. "मे म्हैन्यात आलात तर घरनं घेवन या. आमच्या हंड्यातलं एका सायबाला दिलं, तेवढं पुरे."

दुसऱ्या बुटाच्या नाडीवर त्यांचा हात थांबला. त्यांनी आधी काकींकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मे महिन्यात इथे काय होतं?"

साहेबांनी हा प्रश्न मला एकदाही विचारला नव्हता. त्यांना उत्तर माहीत होतं.