आमच्या केतकीची बिनछपराची गाडी

प्रत्येक गॅरेजात एक डबा असतो. जुन्या गाड्यांतून निघालेले नट-बोल्ट त्यात पडत जातात. कुठला कशाचा ते आठवत नाही, पण टाकवतही नाही. माझी पुतणी केतकी रेसिंगला लागल्यापासून किश्श्यांचं आमच्याकडे तसंच झालंय.

मी रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळ गॅरेज चालवतो. थोरला भाऊ बोटीवर, म्हणजे वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्यामुळे पोरीसोबत रेसला जायचं काम माझं. आधी गो-कार्ट झालं, मग छोटी फॉर्म्युला गाडी झाली. आता वरच्या सिरीजमध्ये सीट मिळाली तर ती पुढे जाणार, नाही मिळाली तर घरी परत येऊन बारावीचे क्लास. एवढं सरळ आहे ते. पण एवढ्या सरळ गोष्टीत मला जे धक्के बसलेत ना!

*

पहिला बसला आंबा घाटात. कार्टिंगसाठी आम्ही कोल्हापूरला जायचो. अर्ध्या घाटात केतकी म्हणाली, "काका, गाडी बाजूला घे!" आणि दार उघडून भडाभडा ओकली. मी मनात म्हटलं, झालं, कसली रेसर नि कसलं काय. तासाभराने तीच पोर ट्रॅकवर मोठमोठ्या मुलांना मागे टाकत होती!

येताना घाटात परत ओकली.

पुढे एका पत्रकाराने तिला विचारलं, "वेगाची भीती वाटत नाही?"

"नाही," केतकी म्हणाली, "आंबा घाटाची वाटते."

*

हेदवीच्या आमच्या आत्याला मी मोबाईलवर रेसच्या गाडीचा फोटो दाखवला. आत्याने चष्मा लावून नीट बघितला.

"एवढी महाग गाडी, आन छप्पर नाय?"

"नसतं, आत्ये."

"मग पावसात काय करता?"

"पावसातपण चालवतात."

"दुसरा माणूस बसायचा कुठं?"

"एकच सीट असते."

"आन डिकी?"

"डिकी नाही."

आत्याने मोबाईल परत माझ्या हातात ठेवला. "फसवलानी रे तुम्हाला!"

*

आता आमच्या स्पॉन्सरचं ऐका. हे शेठ आंब्याचे मोठे बागायतदार. गाडीच्या दोन्ही अंगाला त्यांच्या बागेचं नाव लावलं, फोन नंबरसकट. शेठ कौतुकाने रेस बघायला आले, अगदी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. गाड्या समोरून सूंऽऽ करून गेल्या. शेठ माझ्याकडे बघायला लागले.

"यातली आपली कुठली?"

"आता गेली ती, पुढून दुसरी."

पुढच्या फेरीला शेठ डोळे ताणून उभे. परत सूंऽऽ! मग माझा दंड धरून कानाशी आले. "जरा हळू जायला सांग ना तिला. नाव वाचता येत नाय!"

"शेठ, रेस चाललीय!"

"एक फेरी हळू काढली तर काय बिघडतं? बाकीच्या फास्ट काढ म्हणावं!"

रेस संपल्यावर मी हे केतकीला सांगितलं तर ती हेल्मेटमध्ये इतकी हसली की काच धुरकट झाली. शेठनी मात्र साथ सोडली नाही. पुढच्या सीझनला अक्षरं दुप्पट मोठी करून दिली.

*

आमच्या टीमचा इंजिनीअर मणी, मदुराईचा. कडक माणूस. लॅपटॉपवर जे दिसेल तेच खरं मानणारा. आम्ही कोकणातली माणसं, शुभकामाला देवापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाऊल उचलत नाही. तिकडे दक्षिणेत पहिल्या रेसच्या आधी मी गाडीपुढे नारळ ठेवला आणि हात जोडून मोठ्याने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! पोरगी आमची हाय, गाडी भाड्याची हाय, दोघींना धड परत आण रे म्हाराजा!"

आता मागून 'व्हय म्हाराजा' म्हणणार कोण? मी तिथल्या मेकॅनिकांना ते दोन शब्द म्हणून दाखवले आणि कधी ओरडायचं ते खुणेनं सांगितलं. सगळे तमिळ, कोणाला एक अक्षर कळलेलं नाही, पण एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!" शेजारच्या टीमची माणसं कामं टाकून बघायला लागली. मणी कपाळाला हात लावून उभा.

केतकी त्या दिवशी तिसरी आली. पुढच्या रेसला घाईगडबडीत गाऱ्हाणं माझ्या डोक्यातून साफ गेलं. गाडी बाहेर काढायची वेळ झाली आणि मणी स्वतः माझ्याकडे धावत आला.

"अंकल! महाराजा पेंडिंग!"

*

एवढी वाऱ्यासारखी गाडी चालवणारी ही पोर, पण घरी तिची आई, म्हणजे माझी वहिनी, तिला मिरकरवाड्याला मासे आणायला स्कुटी देत नाही. लायसनचं वय नाही, हे एक झालंच. पण मी म्हटलं, "वहिनी, तिथे रेसला पाठवतेस आणि इथे स्कुटीला घाबरतेस?"

"तिथं सगळे एका दिशेने जातात," वहिनी म्हणाली. "इथं साळवी स्टॉपला कोण कुठून येईल, सांग बघू!"

पण वहिनी रेसलाही घाबरते, आणि खूप घाबरते. रेस सुरू झाली की फोन बंद करते आणि मागल्या दारी कपडे धूत बसते. केतकी अठराची नाही, म्हणून दर रेसला पालकाची सही लागते. भाऊ बोटीवर, म्हणजे सही वहिनीची. दर वेळी सही करताना म्हणते, "ही शेवटची हां!" तिने एकदा खरंच नाही म्हटलं की सगळं संपलं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

*

सीझनची शेवटची रेस. टीमकडे वरच्या सिरीजची सीट एकच आणि दावेदार दोन, आमची केतकी आणि बंगळुरूचा एक मुलगा. रविवारी जो पुढे राहील त्याची सीट.

आदल्या दिवशी सकाळी प्रॅक्टिसमध्ये केतकीची गाडी भर वेगात गरकन फिरली आणि मागून भिंतीवर आदळली. एक चाक सुटून एकटंच गवतातून धावत गेलेलं मी बघितलं. मी तिथेच खाली बसलो. पोर स्वतःच्या पायांनी बाहेर आली तेव्हा कुठे मी उठलो.

डॉक्टरांनी तपासून सोडलं, कुठे काही मोडलं नव्हतं. गाडी उद्या सकाळपर्यंत दुरुस्त करून उभी करतो, असं मणी म्हणाला. पण एवढ्या अपघातानंतर पालकाची सही पुन्हा लागते, तीही समोर येऊन. मी वहिनीला फोन केला. ती फक्त "येते" म्हणाली. गोव्यापर्यंत गाडीने आणि पुढे विमानाने, रात्री येऊन पोहोचली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, तेही एकटी!

आल्यावर तिने आधी मोडलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली. मेकॅनिक हातातले पाने घेऊन बाजूला झाले. मी मनात परतीच्या तिकिटांचा हिशोब सुरू केला.

केतकी कोपऱ्यात हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. आम्हाला सगळ्यांना तिने टायर घसरला म्हणून सांगितलं होतं. आईला बघितलं आणि तिचा बांध फुटला.

"टायर नाही घसरला, आई. मी घाबरले. वळणावर मध्येच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, म्हणून गाडी फिरली."

रेसरने हे तोंडातून काढायचं नसतं. आणि काढलं कोणापुढे, तर वहिनीपुढे!

वहिनीने ओढणीने तिचं तोंड पुसलं.

"कुठल्या वळणावर?"

"चौथ्या."

"उद्या तिथं उचलू नको," वहिनी म्हणाली, आणि माझ्याकडे पेन मागितलं.