बदलीचा अर्ज आणि माझी दुरुस्ती

आमच्या घरातला कॉम्प्युटर आजवर एकदाच बिघडला, आणि तोही मी त्याची दुरुस्ती सुरू केल्यावर.

आम्ही दोघं नवरा-बायको प्राथमिक शिक्षक. मी शहाद्याजवळच्या एका गावात, आणि वैशाली धडगावच्याही पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावरच्या शाळेत. सोमवारी पहिल्या जीपने ती घाट चढायची आणि शनिवारी दुपारी उतरायची. सहा वर्षं आमचा संसार असा रविवारपुरता चालला होता. (म्हणूनच टिकलाय, असं शेजारी म्हणायचे!) त्या मे महिन्यात बदल्यांचे ऑनलाइन अर्ज निघाले. वैशालीला खाली यायची संधी होती. माझी एका शाळेत दहा वर्षं भरल्याने मीही यादीत होतो. मलाही जवळपासच्या शाळा निवडून अर्ज भरायचा होता. जो भरणार नाही त्याला उरेल ती जागा मिळेल, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मुदत शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. आम्ही अर्थातच शेवटच्या दिवशी सकाळी दहाला बसलो.

"मोबाईलवर भरी टाकूत," वैशाली म्हणाली.

"मोबाईलवर? घरमा एवढा मोठा कॉम्प्युटर शे ना!"

कॉम्प्युटर जुना होता, म्हणून मी त्यावर इंटरनेटवरची एक फुकटातली सिस्टीम टाकली होती. तेव्हापासून शिक्षकांच्या बैठकीत मी 'टेक्निकल माणूस' म्हणून वावरत होतो. (पदवी मीच दिली होती.) अर्जाचं पान उघडलं, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन! नावाला चौकोन, तालुक्याला चौकोन.

"फाँट नही शे," मी डॉक्टरी आवाजात सांगितलं. "दोन मिनिटनं काम."

या सिस्टीममध्ये प्रत्येक गोष्टीचं एक पॅकेज असतं, आणि पॅकेजं वागतात लग्नातल्या पाहुण्यांसारखी. एकाला बोलावलं की चार येतात, आणि त्यातला एक जरी रुसला तरी बाकीचे पंगतीला बसत नाहीत. फाँटचं पॅकेज अर्धं बसलं आणि वीज गेली. अर्ध्या तासाने आली, तोवर सगळे पाहुणे रुसले होते. फाँट पुरता बसेना, निघेना, आणि आता तर अर्जाचं पानही उघडेना.

आई कुरडयांचं ताट घेऊन गच्चीवर निघाली होती. ती दारात थांबली. "भाऊ, बंद करीसन परत चालू कर ना."

"माय, तुले नही समजाव त्यामधलं."

"माले नही समजत, पन तुले बी कोठे समजी ऱ्हायनं?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि मोबाईलवर उपाय शोधू लागलो. एका उपायाने एक पॅकेज बसायचं आणि दोन उठायची. "अहो, एक वाजना," वैशाली म्हणाली. मग "दोन वाजनात." तीन वाजता इंटरनेटवरच्या कुणा सज्जनाचा सल्ला मिळाला: जे पॅकेज रुसलंय तेच काढून टाका. मी हुकूम सोडला. कॉम्प्युटरने लगेच एक लांबलचक यादी दाखवली, की याच्याबरोबर हे हे पण जाईल. मी ती वाचली नाही. (मी शाळेची परिपत्रकंही न वाचताच सही करतो.) यादीखाली इंग्रजीत लिहिलं होतं की खात्री असेल तर पुढचं पूर्ण वाक्य टाईप करा: होय, मी सांगतो तसंच कर!

चौदा वर्षांच्या संसारात हे वाक्य म्हणायची संधी मला कुणी दिली नव्हती. मी ते उद्गारचिन्हासकट टाईप केलं. वर मोठ्याने म्हणूनही बघितलं!

वैशाली स्वयंपाकघरातून डोकावली. "कोनले बोली ऱ्हायनात?"

"कॉम्प्युटरले."

"मंग ठीक शे," म्हणून ती आत गेली.

कॉम्प्युटरने ऐकलं. आमच्या घरात माझं ऐकणारा तो पहिलाच. त्याने फाँट काढला, चित्रं काढली, खिडक्या काढल्या, माऊसचा बाणसुद्धा काढला. शेवटी उरला काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ.

"हाई काय जयं?" वैशाली बाहेर येऊन म्हणाली.

"साफसफाई."

तिने पडद्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि चपला घातल्या. "मी ऑनलाइन सेंटरवर जाई ऱ्हायनू. चला तुम्ही बी."

"तू जाय. मी मन्हा अर्ज याच कॉम्प्युटरवर भरसू!"

माझा अर्ज तिला भरताही येणार नव्हता, कारण त्याचा ओटीपी माझ्या मोबाईलवर येणार होता, आणि तो मी नेटसाठी वायरने कॉम्प्युटरला बांधून ठेवला होता. ती पाऊण तासात परतली. अर्जाची पावती तिने देव्हाऱ्यात ठेवली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. "सव्वाचार वाजनात. पाया पडस तुमना, चला."

खरं सांगतो, तेव्हा मला भीती वाटली होती. पण रुसलेली पॅकेजं एकेक करून परतत होती, आणि अशा वेळी यजमान उठून जातो का? पाच वाजून बारा मिनिटांनी पडदा उजळला. अर्जाचं पान उघडलं. चौकोन गायब! काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी, छापील पुस्तकात असावं तसं: 'अर्ज भरण्याची मुदत संपली आहे.'

"वाचता ई ऱ्हायनं का?" वैशालीने विचारलं.

चांगलंच वाचता येत होतं.

जूनमध्ये आदेश आले. वैशालीला आमच्या घरापासून दहा मिनिटांवरची शाळा मिळाली. ती रडली, मीही रडलो, आणि आईने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. मला उरलेल्या जागांपैकी एक मिळाली. वैशाली खाली आल्यामुळे डोंगरात जी रिकामी झाली, ती.

जायच्या आदल्या दिवशी तिने माझी पिशवी भरून दिली. "पुढलं सीट धरज्यात," ती म्हणाली, "घाटमा मळमळ नही व्हत." आवाज जरा ओलाच होता. मग आम्ही दोघांनी मिळून कॉम्प्युटरवर चादर टाकली.

पहिल्या दिवशी शाळेत चौथीतली एक मुलगी उठून उभी राहिली. "गुरुजी, बाई कुठं गेल्या?"

"शहाद्याकडं. आमच्या घरी."

तिने थोडा विचार केला. "मग तुम्ही इथं कशाला आले?"

एवढ्या मोठ्या आवाजात मी आयुष्यात कधी हजेरी घेतली नव्हती!